रिमोटवरचा आकडा नेमके काय करतो? उष्मापंपाच्या नियंत्रणाचा इतिहास

जून 2025 मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी एक घोषणा केली. यापुढे वातानुकूलन यंत्रांवर 20 अंश सेल्सियसच्या खाली आणि 28 अंशांच्या वर तापमान लावता येणार नाही, अशी व्यवस्था आणण्याचा सरकारचा मानस आहे. बातमी आल्यावर चर्चा अपेक्षेप्रमाणे दोन बाजूंनी रंगली. वीज वाचेल असे एका बाजूने म्हटले गेले, तर माझ्या शयनगृहातल्या तापमानाशी सरकारचा संबंध काय, असे दुसऱ्या बाजूने. मात्र रिमोटवर 16 हा आकडा लावल्याने यंत्राच्या आत नेमके काय बदलते, हा भौतिकीचा साधा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. रात्री 18, थंडी वाजली म्हणून 26, पुन्हा उकडले म्हणून 20, अशी कळ दाबत राहणाऱ्या माणसाच्या पदरी काय पडते? या प्रश्नामागे सुमारे चारशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्याची एक शाखा मी जिथून हे लिहिते आहे त्या जबलपूरच्या सदर भागासारख्या छावणीतूनही जाते.

प्रथम संज्ञा स्पष्ट करून घेऊ. आपला एसी हा उष्मापंप आहे. तो थंडी निर्माण करत नाही. खोलीतली उष्णता उचलून अंगणात टाकतो. पाणी उताराकडे वाहते तशी उष्णता गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते. तिला उलट दिशेने चढवायचे तर काम करावे लागते. हेच यंत्र उलटे जोडले की थंड देशांत ते बाहेरच्या हवेतली उष्णता घरात आणते आणि तिथे त्याला हीट पंप म्हणतात. 1852 मध्ये विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी हवेच्या प्रवाहाने इमारती उबदार किंवा थंड करण्याच्या काटकसरीवर निबंध लिहिला, तेव्हा या दोन्ही उपयोगांचा विचार त्यांनी एकत्रच केला होता. त्याच सुमारास स्कॉटलंडचे राजज्योतिषी चार्ल्स पियाझी स्मिथ उष्ण देशांतील खोल्या थंड करण्याची योजना मांडत होते : हवा दाबा, दाबल्याने आलेली उष्णता बाहेर जाऊ द्या, मग हवा प्रसरण पावू द्या. 1850 च्या दशकातच ऑस्ट्रियात पीटर फॉन रिटिंगर यांनी एबेनझे येथील मिठागरात वाफ दाबून तिचीच उष्णता पुन्हा वापरण्याचा प्रयोग केला. 1938 मध्ये झुरिकच्या नगरभवनाला लिमाट नदीच्या पाण्यातून उष्णता घेणारा पंप बसवण्यात आला. तत्त्व जुने आहे आणि पुरते समजलेले आहे. पंप किती चालवायचा आणि ते कोणी ठरवायचे, हा प्रश्न मात्र बराच काळ अवघड राहिला.

हिंदुस्थानातल्या छावण्यांत या प्रश्नाचे उत्तर माणूस हे होते.

जबलपूर 1817 मध्ये नागपूरकर भोसल्यांकडून इंग्रजांकडे गेले आणि पुढे इथे मोठी लष्करी छावणी वसली. छावणीच्या बाजारपेठेला उत्तर हिंदुस्थानात सर्वत्र सदर बाजार म्हणत. आमच्या सदरचे नावही त्यातलेच. मे महिन्यात इथे पारा 42-43 अंशांपर्यंत जाणे नवलाचे नाही. त्या काळातल्या बंगल्यांच्या पश्चिमेकडच्या दारांना वाळ्याचे तट्टे लावत आणि त्यांवर पाणी शिंपडायला एक माणूस नेमत. छताला टांगलेला कापडी पंखा दोरीने हलवायला दुसरा माणूस व्हरांड्यात बसे. नियंत्रणशास्त्राच्या भाषेत पाहिले तर ही पूर्ण यंत्रणा आहे. झोपलेला साहेब हा संवेदक, त्याची हाक हा संदेश आणि दोरी ओढणारा हात ही चालक शक्ती. पंख्याचा वेग हवा तसा कमीजास्त होई, म्हणजे आजच्या भाषेत हे परिवर्ती वेगाचे यंत्र होते. मात्र त्यात एक भयंकर दोष होता. पहाटे पंखेवाल्याला डुलकी लागे, पंखा थांबे, साहेब घामाघूम होऊन उठे. दोरी थांबली म्हणून पंखेवाल्यांना मारहाण झाल्याची आणि तीत काहींचा जीव गेल्याची प्रकरणे तत्कालीन न्यायालयांत पोचली होती. आरोपींना झालेल्या शिक्षा बहुधा किरकोळ असत. सतत सुधारणा करत राहण्याचे काम एका माणसावर टाकले की त्याची किंमतही एक माणूसच भरतो. यंत्राच्या इतिहासात ही बाब सहसा लिहिली जात नाही, म्हणून इथे नोंदवते.

हे काम माणसाच्या हातून काढून घेण्याचा पहिला यशस्वी प्रयत्न युरोपात सतराव्या शतकाच्या आरंभी झाला. डच संशोधक कॉर्नेलिस ड्रेबेल हा इंग्लंडच्या पहिल्या जेम्स राजाच्या आश्रयाला होता. त्याने अंडी उबवण्याची एक भट्टी बनवली. तीत मद्यार्काने भरलेले पात्र होते; भट्टी तापली की मद्यार्क प्रसरण पावे, पारा वर ढकलला जाई आणि त्याला जोडलेली झडप धुराचा मार्ग अरुंद करी. विस्तव मंदावे. भट्टी निवली की झडप उघडे. माणसाने फक्त किती ऊब हवी ते एकदा ठरवायचे. पुढे 1830 मध्ये अँड्र्यू यूर यांनी दोन धातूंच्या जोडपट्टीचे पेटंट घेतले आणि अशा उपकरणाला थर्मोस्टॅट हे नाव दिले.

घरातल्या थर्मोस्टॅटची कथा मात्र एका शाळेतली आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातील व्हाइटवॉटर येथे वॉरन जॉन्सन नावाचे प्राध्यापक शिकवत. तिथला शिपाई वेळोवेळी वर्गात येई, ऊब जास्त की कमी ते पाही आणि तळघरात जाऊन भट्टीच्या झडपा हलवी. शिकवण्यात येणारा हा व्यत्यय टाळण्यासाठी जॉन्सन यांनी खोलीतल्या तापमानावर चालणारे विजेचे उपकरण बनवले आणि 1883 मध्ये त्याचे पेटंट घेतले. सुरुवातीला ते फक्त खाली शिपायाला सूचना देई. झडप तोच हलवी. थोड्याच काळात, 1885 च्या सुमारास, मिनियापोलिसचे आल्बर्ट बुट्झ यांनी झडप आपोआप उघडणारे आणि मिटणारे यंत्र केले. पुढच्या हनीवेल कंपनीचे मूळ तेच. छावणीतला पंखेवाला आणि शाळेतला शिपाई एकच काम करत होते. शिपायाला दोरीपासून सुटका मिळाली. पंखेवाल्याला ती मिळायला वीज हिंदुस्थानभर पसरण्याची वाट पाहावी लागली.

या सुटकेसाठी जो सौदा झाला, तो नीट पाहिला पाहिजे. पंखेवाल्याचा हात मंद, मध्यम, जोरात अशा कितीतरी गतींनी चाले. थर्मोस्टॅटला मात्र दोनच शब्द बोलता येत : चालू आणि बंद. विसाव्या शतकातला कॉम्प्रेसरही असाच होता. चालू असेल तेव्हा पूर्ण ताकदीने, नाहीतर अजिबात नाही. 24 अंश लावले तर 25 च्या आसपास सुरू व्हायचा, 23 च्या आसपास थांबायचा. मधले हे अंतर मुद्दाम ठेवलेले असे. ते नसते तर यंत्र दर काही सेकंदांनी उघडझाप करत बसले असते. थांबलेला कॉम्प्रेसर लगेच सुरू करणे घातक असते, कारण त्याच्या एका बाजूला गॅसचा दाब जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी असतो. हे दाब जुळायला काही मिनिटे लागतात. तेवढ्यात मोटरला पुन्हा ढकलले तर ती अडकते आणि तिची गुंडाळी तापते. आपल्याकडच्या स्टॅबिलायझरवर टाइम डिले नावाची जी सोय असते आणि वीज परत आल्यावर तीन मिनिटे एसी का लागत नाही म्हणून घरातले ज्येष्ठ ज्याच्यावर चिडतात, तिचे कारण हेच.

अशा यंत्रावर 16 लावल्याने काय होते? खोली 34 अंशांवर असताना 24 लावा की 16, कॉम्प्रेसर त्याच एका वेगाने चालतो आणि उष्णता त्याच दराने बाहेर जाते. खोली 24 पर्यंत यायला दोन्ही वेळा तेवढाच वेळ लागतो. फरक इतकाच की 16 लावलेले यंत्र 24 ला थांबत नाही.

तरीही माणसे 16 का लावतात? अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ विलेट केम्प्टन यांनी मिशिगनमधील घरांत मुलाखती घेऊन याचे उत्तर शोधले आणि 1986 मध्ये प्रसिद्ध केले. त्यांना लोकांच्या मनात थर्मोस्टॅटची दोन चित्रे आढळली. काहींच्या मते ते पाहून, मोजून बंद होणारे उपकरण होते. इतरांच्या मते ती नळासारखी तोटी होती : जास्त फिरवली की जास्त ऊब. अमेरिकेतील चतुर्थांश ते निम्मे लोक दुसरे चित्र बाळगत असावेत, असा त्यांचा अंदाज होता. तोटीवाल्यांना त्यांनी अडाणी ठरवले नाही, हे मला महत्त्वाचे वाटते. आपल्या भोवतालच्या बहुतेक कळा खरोखरच तोट्या असतात. गॅसची शेगडी, नळ, पंख्याचा रेग्युलेटर. जबलपूर, नागपूर, अमरावतीकडच्या घरांत एसीच्या आधी कूलर आला, आणि कूलरची कळ म्हणजे निव्वळ तोटी : पंप लावा, पंखा वाढवा, थंडावा वाढतो. दोन पिढ्या कूलरवर वाढलेल्या हाताने रिमोटही तसाच दाबला तर त्यात आश्चर्य नाही.

दुसरे कारण खोलीच्या भौतिकीत आहे आणि विद्यार्थ्यांनी ते एकदा आकडेमोड करून पाहावे. बारा फूट लांब, बारा फूट रुंद आणि दहा फूट उंच खोलीत सुमारे 41 घनमीटर हवा असते. तिचे वजन जेमतेम 47 किलो. दीड टनाचा एसी सेकंदाला सुमारे 5.3 किलोज्यूल उष्णता उचलतो. (हा टन वजनाचा नाही; दिवसाला एक अमेरिकी टन बर्फ वितळायला लागेल तितक्या उष्णतेचा तो दर आहे.) नुसती हवा 10 अंशांनी थंड करायची तर दीड मिनिट पुरावे. प्रत्यक्षात अर्धा-पाऊण तास लागतो, कारण खोलीला भिंती आहेत. नऊ इंची विटांच्या चार भिंतींचे वजन पंधरा टनांच्या आसपास भरते आणि त्यांची उष्णता साठवण्याची क्षमता हवेच्या अडीचशे-तीनशे पट असते. दिवसभर उन्हात तापलेल्या भिंती रात्री उशिरापर्यंत आत उष्णता फेकत राहतात. म्हणजे खोलीत दोन घड्याळे चालतात. हवेचे मिनिटांचे, भिंतींचे तासांचे. अंगाला हवेचा झोत लागतो आणि भिंतीची धगही लागते. माणूस दोन्हींची सरासरी करून कळ दाबतो, परिणाम दिसायच्या आत पुन्हा दाबतो, आणि मग एकदा कुडकुडतो, एकदा घामेजतो.

उशिराने मिळणाऱ्या परिणामावर घाईने केलेली सुधारणा स्वतःच दोलन निर्माण करते, ही गोष्ट वाफेच्या इंजिनांनी आधीच शिकवली होती. इंजिनाचा वेग स्थिर ठेवणारे गव्हर्नर कधी कधी स्वतःच हिंदकळू लागत. 1868 मध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी या दोषाचे गणित मांडले. 1922 मध्ये निकोलस मिनोर्स्की यांनी जहाजाच्या स्वयंचलित सुकाणूचा अभ्यास केला. कुशल सुकाणूधारी केवळ दिशा किती चुकली हे पाहत नाही. ती किती वेगाने चुकते आहे आणि एकूण किती काळ चुकत आली आहे, याचाही हिशेब हातात ठेवतो. हे तीन हिशेब एकत्र करणारे सूत्र पुढे कारखान्यांपासून घरगुती यंत्रांपर्यंत सर्वत्र पोचले. पण सूत्र हाती असून उपयोग काय? ज्याला चालू आणि बंद याखेरीज काही येत नाही, अशा कॉम्प्रेसरला सुकाणूधाऱ्याचे कौशल्य शिकवता येत नाही.

ती अडचण जपानमध्ये सुटली. 1970 च्या दशकातील दोन तेलसंकटांनी तिथे वीज महाग केली होती. त्याच काळात शक्तिशाली ट्रान्झिस्टर आणि सूक्ष्मप्रक्रियक आवाक्यात आले. 1981 मध्ये तोशिबाने इन्व्हर्टर असलेला घरगुती एसी बाजारात आणला. इन्व्हर्टर विजेची वारंवारता बदलतो, वारंवारतेबरोबर मोटरचा वेग बदलतो, आणि कॉम्प्रेसर पुन्हा मंद, मध्यम, जोरात अशी भाषा बोलू लागतो. छावणीतल्या दोरीची लवचीकता शंभर वर्षांनी परत आली, यावेळी कोणाच्या झोपेची किंमत न घेता.

मंद चालण्यातली बचत कुठून येते? उष्मापंपाला खरा चढ खोलीपासून अंगणापर्यंतचा नसतो, तर आतल्या थंड कॉइलपासून बाहेरच्या तप्त कॉइलपर्यंतचा असतो. पूर्ण जोरात आतली कॉइल 8 अंशांवर आणि बाहेरची 55 वर आहे असे धरा. कार्नोच्या सूत्रानुसार आदर्श कार्यगुणांक 281 भागिले 47, म्हणजे सुमारे 6. अर्ध्या वेगाने त्याच कॉइलांतून निम्मीच उष्णता जायची असते, म्हणून आतली 14 वर आणि बाहेरची 50 वर भागते. आता गुणांक 287 भागिले 36, म्हणजे जवळपास 8. खऱ्या यंत्राचे आकडे याहून बरेच कमी असतात, पण कल हाच राहतो. हळू उचललेली उष्णता स्वस्त पडते.

वारंवार कळ दाबण्याचा खरा तोटा इथे होतो. खोली 24 वर स्थिर आहे, कॉम्प्रेसर मंद चालला आहे. कोणीतरी 18 लावले. यंत्राला एकदम 6 अंशांची तूट दिसते आणि ते पूर्ण वेगाने धावू लागते. कॉइल थंडगार होते, कार्यगुणांक घसरतो. खोली 20 वर आली, थंडी वाजली, 26 लावले. यंत्राला दिसते की काम उरलेलेच नाही. कॉम्प्रेसर पूर्ण थांबतो. भिंती खोलीला पुन्हा तापवतात, यंत्र पुन्हा सुरू होते. परिवर्ती वेगाचे पैसे मोजून घेतलेला उष्मापंप आपण अशा रीतीने 1885 च्या चालू-बंद यंत्रासारखा वापरतो. याउलट रात्री झोपताना एक अंश, पहाटे आणखी एक अंश वर असा ठरवून केलेला बदल यंत्राला मानवतो. घर सोडताना एसी बंद करणेही योग्यच. कमी वेळ थंड राहिलेल्या खोलीत बाहेरची उष्णता कमी शिरते.

आकडा खाली ठेवण्याची किंमत वेगळी. बाहेर 43 अंश असताना खोली 24 वर ठेवली तर फरक 19 अंशांचा, 18 वर ठेवली तर 25 चा. आत झिरपणारी उष्णता त्याच प्रमाणात, सुमारे एकतृतीयांशाने वाढते. शिवाय प्रत्येक ज्यूल अधिक उंच चढवावा लागतो. दोन्ही गुणले तर आदर्श यंत्राचेही काम पाऊणपटीहून अधिक वाढते. एक अंश वर म्हणजे सुमारे सहा टक्के वीज कमी, हा सरकारी प्रचारातला आकडा या चित्राशी विसंगत नाही. 30 मे 2024 रोजी देशाची विजेची मागणी 250 गिगावॅटवर पोचली होती. अशा दिवशी जिथे वीज कापली जाते, त्या घरांत बहुधा एसी नसतो, पंखा असतो.

भारतात या ज्ञानाचे नियमांत रूपांतर हळूहळू झाले. ऊर्जा संवर्धन कायदा 2001 चा. त्यातून 2002 मध्ये ऊर्जा दक्षता ब्युरो स्थापन झाला. 2006 मध्ये ताऱ्यांची लेबले आली. सुरुवातीच्या लेबलात यंत्र पूर्ण जोरात चालताना किती काम करते एवढेच मोजले जाई, म्हणजे इन्व्हर्टरचा गुण दिसतच नसे. संपूर्ण हंगामाच्या तापमानांवर आधारलेली मोजणी 2015 पासून ऐच्छिक आणि 2018 पासून सर्वांना एकच झाली. 1 जानेवारी 2020 पासून नवा एसी सुरू करताच 24 अंश दाखवू लागला. या शेवटच्या नियमाचे मला कौतुक वाटते, कारण त्यात बंदी नव्हती. फक्त सुरुवातीचा बिंदू हलवला होता. 20 ची खालची मर्यादा ही त्यापुढची पायरी. ती तोटीवाल्यांचा 16 काढून घेईल, पण 20 आणि 28 मध्ये चाललेली येरझार तिला थांबवता येणार नाही.

एक आक्षेप मात्र प्रामाणिक आहे. ऑगस्टमधल्या दमट जबलपुरात 26 अंशही चिकट वाटतात, आणि मंद चालणाऱ्या एसीची कॉइल तितकी थंड नसल्याने तिच्यावर हवेतली वाफही कमी गोठते. रिमोटवर तापमान दिसते. आर्द्रता, भिंतींची धग आणि वारा दिसत नाहीत. या चारही गोष्टींचा एकत्र विचार रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेत एम. आर. शर्मा आणि शराफत अली यांनी भारतीय माणसांवर अभ्यास करून केला आणि उष्णकटिबंधीय उन्हाळा निर्देशांक मांडला. त्यांच्या सूत्रात वाऱ्याच्या वेगाचे वर्गमूळ येते : सेकंदाला एक मीटर वेगाचा वारा निर्देशांक सुमारे दोन अंशांनी खाली आणतो. छताचा पंखा लावून एसी 26 वर ठेवण्याचा सल्ला तिथूनच सिद्ध होतो. या निर्देशांकावर भारतीय माणसाला सर्वाधिक सुखद वाटणारे मूल्य 27.5 निघाले. पुढे अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातील गटाने अहमदाबाद, बंगळूर, चेन्नई, दिल्ली आणि सिमला इथल्या कार्यालयांत 6330 उत्तरे गोळा केली आणि सुखद तापमान बाहेरच्या ऋतूबरोबर सरकते, हे भारतीय इमारतींसाठी दाखवून दिले.

शर्मा आणि अली यांचा निबंध प्रसिद्ध झाला 1986 मध्ये, म्हणजे केम्प्टन यांच्या मुलाखती प्रसिद्ध झाल्या त्याच वर्षी. रुरकीने शरीर काय मागते ते मोजले होते आणि मिशिगनने हात काय करतो ते. तेव्हा भारतात घरगुती एसी अगदी तुरळक होते, त्यामुळे दोन्ही निबंध शेजारी ठेवून वाचण्याची गरज इथे कोणाला भासली नाही.